लाकडावर लाकडाचं चित्र

आमच्या घरात माडीवर जाणारा जिना मट्टीच्या लाकडाचा. अकरा पायऱ्या, मधोमध पावलांनी झिजून खळगे पडलेल्या. चतुर्थीपूर्वी त्यावर लॅमिनेट बसवून घेऊया, असं धाकट्या भावाने सुचवलं. आई ऐंशीची, झोपायची खोली माडीवर आणि ती सोडायला तयार नाही. पाय मुरगळला तर? त्याची काळजी खरी होती.

कारागीर नमुने घेऊन आला. लॅमिनेट म्हणजे भुसा दाबून केलेली फळी आणि वर लाकडाचं चित्र छापलेला कागद. मट्टीवर सागवानाचं चित्र! असो. आवडीनिवडीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हिशेब जमेना. खळगे भरून वर १२ मिलिमीटर प्लायवूड आणि ८ मिलिमीटर लॅमिनेट, म्हणजे प्रत्येक पायरी २० मिलिमीटर वर येणार. मधल्या पायऱ्यांना फरक पडत नाही, पण खालची पहिली तेवढी उंच होते आणि माडीला टेकणारी शेवटची तेवढीच ठेंगणी. आई काळोखातही चढते ती पायांच्या सवयीवर. ती नेमकी तिथेच अडखळली असती.

शिवाय आमचा पावसाळा. लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लॅमिनेटच्या कडेतून ओल शिरली की ती कड फुगून वर येते. आणि झाकलेल्या फळीत वाळवी लागली तर कळणार कसं?

शेवटी गावच्या मेस्तालाच बोलावलं. त्याने जिन्याखालच्या नारळांच्या अडगळीत शिरून हातोडीने एकेक फळी वाजवली. दोन पोकळ निघाल्या. त्या जुन्या दाराच्या सागवानातून नव्याने केल्या. बाकीच्या सव्वा इंच जाड; खाचेतून ओढून काढल्या आणि चक्क उलट्या करून बसवल्या. खळगा खाली, सपाट बाजू वर! खालून काजूच्या टरफलांचं तेल फासलं, कडेला खरखरीत पट्ट्या चिकटवल्या आणि भिंतीच्या बाजूने धरायला दांडा ठोकला. भावाला तो दांडा सगळ्यात पसंत पडला. तुमच्याकडे असा जिना असेल तर आधी खालून वाजवून बघा.

आई आता दांडा धरून चढते. तक्रार एकच: दोन पायऱ्या करकरायच्या थांबल्या, त्यामुळे रात्री उशिरा कोण आलं ते तिला कळत नाही.