दगडफुलांची ओळखपरेड

अमेरिकेतल्या मोंटानापासून कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियापर्यंतच्या जंगलांत सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांवरून दगडफुलांच्या लांबच लांब झिपऱ्या लोंबतात. त्यांतली तपकिरी ती ब्रायोरिया फ्रेमोन्टाय. तिथले आदिवासी समाज ती पिढ्यान्‌पिढ्या धुऊन, जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या दगडांवर शिजवून खात आले आहेत. त्याच जंगलांत ब्रायोरिया टॉर्टुओसाही वाढते. तिची पिवळट झाक व्हल्पिनिक आम्लामुळे येते आणि हे आम्ल विषारी आहे. स्कँडिनेव्हियात एके काळी लांडगे मारायला जे पिवळंधमक दगडफूल वापरत, त्यातही हेच विष असतं. एक पोटात जाणारी, दुसरी जिवावर उठणारी. या दोन वेगळ्या प्रजाती नाहीत, असं म्हणायला कोण धजावणार? पण २००९ साली दोघींमधल्या बुरशीचा डीएनए ताडून पाहिला, तेव्हा त्यांना वेगळं काढता येईल असा फरक काही सापडेना.

दगडफूल म्हणजे लायकेन, आणि लायकेन हा एकटा जीव नसतोच. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६७ साली हे प्रथम मांडलं, तेव्हा त्या काळच्या बड्या जाणकारांनी त्यांना उडवून लावलं होतं. बुरशी घर बांधते. तिच्या धाग्यांच्या जाळीत हिरवं शैवल किंवा नील-हरित जिवाणू राहतात आणि उन्हाच्या जोरावर अन्न तयार करतात. नामकरणाचा आंतरराष्ट्रीय नियम मात्र सांगतो, की लायकेनचं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव. खरी अडचण इथेच आहे. डोळ्यांना दिसतो तो आकार आणि रंग दोघांच्या संसारातून आलेला, आणि नाव द्यायचं एकाला.

हा संसार किती फसवू शकतो, याचं उत्तम उदाहरण स्टिक्टा या गटात आहे. यातल्या काही बुरश्यांना हिरवं शैवल मिळालं तर रुंद, पानासारखं लायकेन तयार होतं. नील-हरित जिवाणू मिळाले तर बारीक फांद्यांचं, चिमुकल्या झुडपासारखं. झुडपाला डेंड्रिस्कोकॉलॉन असं वेगळं नावही मिळालं होतं. कधी कधी दोन्ही एकमेकांना चिकटून वाढलेली सापडत, त्यामुळे शंका होतीच. १९९१ साली अर्मालेओ आणि क्लेर्क यांनी डीएनएच्या आधारे दाखवलं, की दोन्हींतली बुरशी एकच असावी.

त्याआधी अभ्यासकांची मदार भिंग, सूक्ष्मदर्शक आणि रसायनांवर होती. विल्यम नायलांडर यांनी १८६६च्या सुमारास रुजवलेली चाचणी आजही जिथे तिथे करतात. लायकेनच्या कडेला किंवा आतल्या पांढऱ्या गराला पोटॅशचा थेंब लावायचा आणि बघत राहायचं. काही प्रजातींत आधी पिवळा डाग उमटतो, आणि बघता बघता तो रक्तासारखा लाल होतो. अशा रंगांवरून, पुढे रसायनं वेगळी करून दाखवणाऱ्या क्रोमॅटोग्राफीतल्या ठिपक्यांवरून कितीतरी प्रजाती वेगळ्या मांडल्या गेल्या. त्यांतल्या पुष्कळ डीएनएच्या कसोटीला उतरल्या. सगळ्या नाहीत.

डीएनए काढणं हे काम वाचायला जितकं सोपं वाटतं तितकं नाही. नमुन्यावर मातीचे कण असतात, दुसऱ्याच बुरशीचे धागे त्यात घुसलेले असतात. म्हणून शक्यतो लायकेनची फळं, म्हणजे पृष्ठभागावरच्या बशीसारख्या चकत्या निवडायच्या, कारण त्यांत शैवल कमी आणि बुरशी जास्त. सूक्ष्मदर्शकाखाली ब्लेडच्या टोकानं एक चकती उचलायची, अ‍ॅसिटोननं धुवायची. तसं केलं नाही तर लायकेनमधली आम्लं पुढच्या प्रक्रियेत खोडा घालतात. मग ते कण कुटून डीएनए सोडवायचा आणि फक्त बुरशीच्याच डीएनएला चिकटणारे प्रायमर नावाचे छोटे धागे वापरून हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायच्या. हा तुकडा बहुधा आयटीएस नावाचा, साधारण पाचशे-सहाशे अक्षरांचा. २०१२ साली सर्व बुरशींसाठी ओळखीचा बारकोड म्हणून त्याची निवड झाली.

या एका तुकड्यानं मध्य आणि दक्षिण अमेरिकेत केवढी उलथापालथ केली, ते कोरा या लायकेनवरून कळतं. डोंगरउतारांवर जमिनीला आणि फांद्यांना धरून वाढणारे करडे-पांढरे पंखे, असं त्याचं रूप. कित्येक दशकं ही सगळी एकच प्रजाती मानली जात होती. रॉबर्ट ल्युकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ३५६ नमुन्यांच्या आयटीएसचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निदान १२६ प्रजाती निघाल्या, आणि पुऱ्या प्रदेशाचा अंदाज बांधला तर आकडा ४५२पर्यंत जातो असं त्यांनी मांडलं. यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. डीएनएनं गट पाडून दिल्यावर अभ्यासक पुन्हा नमुन्यांकडे वळले. पंख्याची कड कशी वळते, पृष्ठभागावर लव आहे की नाही, मातीवर वाढतं की फांदीवर, हे सगळं त्यांनी नव्यानं पाहिलं. फरक तिथेच होते. कोणी ते धरले नव्हते. २०१६ साली त्यांनी कोराच्या सत्तर नव्या प्रजातींचं वर्णन एकाच शोधनिबंधात केलं.

ब्रायोरियाच्या कोड्याला मात्र बारकोड पुरा पडला नाही. बुरशी तीच, शैवलही तेच, मग विष आलं कुठून? टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी त्या लायकेनमध्ये कोणाकोणाची जनुकं कामाला लागली आहेत, हेच तपासलं. २०१६ साली त्यांनी जाहीर केलं, की लायकेनच्या बाहेरच्या सालीत आणखी एक बुरशी, एक यीस्ट राहते, आणि विषारी, पिवळट ब्रायोरियात तिचं प्रमाण जास्त आहे. दीडशे वर्षं दोघांचा मानलेला संसार तिघांचा निघाला, अशी बातमी जगभर झाली. पण २०१९ साली ३३९ प्रजातींचा धांडोळा घेतला, तेव्हा तसली यीस्ट मोजक्याच लायकेनमध्ये आढळली. तिघांचा नियम साऱ्या लायकेन-जगाला लावायची घाई झाली होती, असंच म्हणावं लागेल.

एकाच जनुकाच्या भरवशावर निवाडा करू नये, हे अंटार्क्टिकाजवळच्या बेटांवरच्या उस्निया या लायकेननंही शिकवलं. उस्निया ऑरँटियाकोआट्रावर काळ्या चकत्यांची फळं येतात. उस्निया अंटार्क्टिका पिठासारखी पूड सोडून पसरते. नेहमीची जनुकं ताडून पाहिली तर दोघींचे नमुने एकमेकांत मिसळत, म्हणून ही एकच प्रजाती असावी असं मत बनत चाललं होतं. २०१८ साली जीनोमभर विखुरलेल्या खुणा तपासल्या, आणि दोन गट स्वच्छ वेगळे झाले. फळं आणि पूड पाहून ज्यांनी त्या वेगळ्या ओळखल्या होत्या, त्यांची नजर बरोबर होती.

आपल्याकडे हा विषय थेट पुण्यात येऊन भिडतो. आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीत झाडांच्या सालीला चिकटून वाढणाऱ्या लायकेनचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांत ग्राफिस आणि त्याचे भाईबंद होते, झाडाच्या सालीवर काळी अक्षरं गिरवल्यासारखे दिसणारे. जुन्या पद्धतीत बीजाणू रंगहीन की तपकिरी, त्यांतले पडदे आडवेच की आडवे-उभे, यावरून या कुळाचे चार मोठे वंश पाडत. डीएनएनं ती चौकट मोडली. त्या चारांतला ग्राफिना हा वंश तर बहुतांशी ग्राफिसमध्येच विरघळला. नावं बदलली, पण पुण्यात झालेलं निरीक्षण वाया गेलं नाही. बीजाणूंची मापं आणि रसायनांच्या नोंदी नव्या मांडणीतही लागतातच.

हर्बेरियममधलं, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातलं, जुनं पाकीट किती मोलाचं असतं, हे फ्लोरिडातल्या कोरा टिमुकुआनं दाखवलं. त्या भागातला कोरा सर्वदूर पसरलेल्या जुन्या प्रजातीतलाच समजला जात होता, म्हणून त्याची काळजी करायचं कोणाला कारण नव्हतं. संग्रहातल्या जुन्या नमुन्यांवरून २०२० साली ती स्वतंत्र प्रजाती ठरली, आणि त्याच वेळी ती कदाचित नामशेष झाली असावी, असंही लिहावं लागलं.

सह्याद्रीतल्या प्रजातींसाठीही जुन्या नमुन्यांची डीएनएशी सांगड घालायचं काम व्हायला हवं, आणि जंगल शाबूत आहे तोवर व्हायला हवं. ज्यावरून प्रजातीचं नाव पडलं त्या जुन्या मूळ नमुन्यातून डीएनए निघाला तर उत्तमच. पुष्कळदा तो तुटून गेलेला असतो. अशा वेळी मूळ नमुना जिथे गोळा केला होता त्या जागी पुन्हा जायचं, वर्णनाशी बीजाणू आणि रसायनं ताडून ताजा नमुना आणायचा, त्याचा डीएनए वाचायचा, आणि नियमांनुसार मूळ नमुन्याचा आधार-नमुना म्हणून त्याची नोंद करून तो त्याच संग्रहात ठेवायचा. मोठी यंत्रसामग्री असलेल्या प्रयोगशाळा आता देशात बऱ्याच आहेत. भिंगातून एक मिलिमीटरची काळी रेघ पाहून हा ग्राफिस नेमका कोणता, हे सांगणारी माणसं थोडी आहेत, आणि त्यांच्या हाताखाली विद्यार्थी तयार होण्याची गरज यंत्रांपेक्षा मोठी आहे.