डावा हात, उजवा हात



गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलचेऱ्यात आम्ही नवराबायको ठसे कोरून चित्रे छापतो, असे सांगितले की पाहुण्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे झेरॉक्ससारखे का?" झेरॉक्ससारखे नाही. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र काढायचे, जे पांढरे राहायला हवे ते कोरणीने काढून टाकायचे, उरलेल्या उंचवट्यावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवून पाठीमागून घासायचे. आमच्याकडे छापखान्याचे यंत्र नाही, आम्ही जेवणाच्या चमच्याच्या पाठीने घासतो. एका चित्राला पाव तास लागतो. मग घरातल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगून दोन-तीन दिवस वाळवतो. तेवढे दिवस लेकरांनी वाकून चालायचे, असा घरचा कायदा आहे!

कधी लिनोलियम संपले तर लाकडावर कोरतो. आमचा मुलूख सागाचा, पण कोरायला आम्हाला शिवण बरी वाटते. शेजारच्या बंगाली वसाहतीतले एक सुतारदादा तिचे तुकडे देतात. कागदाची मात्र गंमत आहे. आमच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या कागद कारखान्यात गेला, आणि आम्ही चांगला कागद मागवतो पुण्याचा! तिथे १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. सुती चिंध्यांचा तो कागद चमच्याखाली फाटत नाही.

ही कला आपल्या लोकांना नवी नाही. नागपूरचे सवी सावरकर यांनी अस्पृश्यतेची वेदना मुद्राचित्रांतून मांडली. आम्ही त्या वाटेवरचे लहान माणसे. आम्हाला विकून तेल-मीठ आणायचे असते.

विकण्याची आमची मोठी जागा म्हणजे चंद्रपूरची दीक्षाभूमी. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. त्याच्या स्मरणार्थ दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला तिथे मोठा समुदाय जमतो. २०२२ साली आम्ही आष्टी, गोंडपिपरी करत एसटीने साठ चित्रे घेऊन गेलो. एका हाताने दिशा दाखवणारे, दुसऱ्या हातात संविधान धरलेले बाबासाहेब आणि खाली 'जय भीम'. प्रत्येकावर पेन्सिलीने नंबर, १/६० पासून. किंमत दीडशे. बाजूला रंगीत पोस्टर वीस रुपयांना जात होते, तरी दुपारपर्यंत आमची सात गेली. आम्ही खुशीत होतो.

मग एक आजी आल्या. बराच वेळ चित्र निरखून म्हणाल्या, "पोरी, साहेबाचा उजवा हात वर रायते. हा डावा काऊन?"

आम्ही पाहिले आणि पोटात गोळा आला. ठशावरचे चित्र कागदावर उलटे उमटते, हे या धंद्यातले पहिले अक्षर. 'जय भीम'ची पट्टी आम्ही आठवणीने उलटी कोरली होती. चित्र मात्र सुलटेच गिरवले. अक्षरे नीट वाचता येत होती म्हणून पुढे कुणी पाहिलेच नाही. संविधान उजव्या हातात गेले होते, कोटाच्या खिशातला पेनसुद्धा उजवीकडे.

शेजारचे दुकानदार म्हणाले, "विका हो, कोण बघते एवढे?" खरे सांगतो, मोह झाला. कागद-शाईचे पैसे धान विकून घातले होते. त्यावरून आमचे दोघांचे भांडणही झाले, तेही भर मांडवात. शेवटी त्रेपन्न चित्रे गुंडाळली. आजींना एक फुकट देऊ केले, तर त्या म्हणाल्या, "चुकीचं घेऊन काय करू? बरोबर काढशीन तवा घेईन."

ती त्रेपन्न चित्रे फाडवेनात. बाबासाहेब फाडणार कसे? पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली. त्या हिवाळ्यात नवा ठसा कोरला. या वेळी कागदाच्या मागून गिरवले आणि दर रात्री ठसा आरशासमोर धरून पाहिला. आरशात दिसते तसेच कागदावर येते.

२०२३ ला त्याच जागी बसलो आणि पुठ्ठ्यावर लिहून लावले : 'मागच्या वर्षीचे चित्र बदलून मिळेल.' नव्या चित्रांतले एक ते सात नंबर बाजूला ठेवले होते. पाच जण आले. दोघांना चूक कळलीच नव्हती, त्यांनी पाटी वाचून फोटो काढून आणले होते. त्यांना नवे लगेच दिले, जुने मागितले नाही. आजीही आल्या. त्यांनी आधी हात तपासला, मग पैसे काढले. कमी घ्यायला तयार होतो, पण त्यांनी पूर्ण दीडशे मोजले.

सहावे गृहस्थ मूलकडचे. ते चित्र बदलायला नव्हे, सांगायला आले होते. त्यांची मुलगी डावखुरी. शाळेत लिहिताना हातावर फटके बसायचे. घरात हे चित्र लावल्यापासून ती म्हणते, "बाबासाहेबबी माह्यासारखेच." तिला त्यांनी खरे सांगितले आहे, पण ती चित्र खाली उतरवू देत नाही. आम्ही त्यांना नवेही द्यायला लागलो, तर म्हणाले, "ते दुसऱ्या भिंतीवर लावतो," आणि त्याचे पैसे देऊन गेले.

सातवे गिऱ्हाईक अजून आलेले नाही. त्यांचे चित्र, ७/६०, पेटीत सर्वात वर ठेवले आहे.