निवेदक क्रमांक ७

काळ्या रेक्झिनचा पुठ्ठा, त्यावर सोनेरी अक्षरांत विषय, त्याखाली माझे नाव, त्याखाली मार्गदर्शकांचे. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प पूर्ण झाल्याची खूण म्हणजे हे बाड. तीन प्रती बांधून घेतल्या होत्या : एक विभागाला, एक ग्रंथालयाला, एक मला. मौखिकी पार पडली. परीक्षकांनी संदर्भसूचीतल्या दोन चुका दाखवल्या, संकलनाचे कौतुक केले, आणि दोन सत्रांचे काम पाऊण तासाच्या आत 'पूर्ण' झाले. त्याच आठवड्यात माझी प्रत घेऊन मी आंदर मावळातल्या एका गावी गेले. ज्या आजींच्या ओव्यांवर माझे अख्खे तिसरे प्रकरण उभे आहे, त्यांच्या मांडीवर ती ठेवली. आजींना वाचता येत नाही. त्यांनी पानांवरून हात फिरवला, सोनेरी अक्षरे बोटाने चाचपली आणि विचारले, "ह्यात माझं नाव कुठं हाय?"

नाव नव्हते. त्या प्रबंधिकेत आजी 'निवेदक क्र. ७' होत्या.

माझा विषय जात्यावरच्या ओव्यांमधले माहेर हा होता. मी लोणावळ्याची. आमच्या गावाची ओळख पर्यटकांनी ठरवून टाकलेली आहे : पावसाळा, भुशीचे धरण, चिक्कीचे खोके. पण लोकलने कान्ह्याला उतरून टाकव्याच्या बाजूला निघाले की दुसरा मावळ सुरू होतो. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावे मी लहानपणापासून ऐकत होते. त्या खोऱ्यांतल्या बायका काय बोलतात हे मात्र मला कधी ऐकावेसे वाटले नव्हते. विषय निवडताना मी स्वतःला 'स्थानिक' म्हणवून घेतले, याची आज थोडी लाज वाटते.

जुलैत गेले तेव्हा सगळ्या जणी भातलावणीला गेलेल्या होत्या. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईला बांधावर उभे राहून 'आपण ओव्या कोणाकडून शिकलात?' असे विचारणे किती हास्यास्पद असते, हे प्रश्नावली तयार करताना कोणी सांगितले नव्हते. काढणी झाल्यावर पुन्हा गेले. तेव्हा बायका बसल्या, चहा झाला, मी मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू केले, आणि ओवी काही येईना. एकीला पहिली ओळ आठवे, दुसरीला शेवट. 'जात्यावर बसले की ओवी सुचते' ही म्हण मी पहिल्याच प्रकरणात वापरली होती, पण अलंकारासारखी. ती शब्दशः खरी आहे हे त्या दिवशी कळले. पिठाच्या गिरण्या आल्यापासून जाती कोपऱ्यात गेली. ती बाहेर निघतात लग्नाची हळद दळायला. अखेर आजींनीच नातवाला हाक मारून पडवीतले जाते मध्ये ओढायला लावले, मूठभर तांदूळ टाकले आणि खुंट्याला हात घातला. दगड फिरू लागला तसा आवाज सुटला. सांगताना अडणाऱ्या आजी दळताना अडल्या नाहीत. माझ्या छापील प्रश्नावलीतला एकही प्रश्न त्या दुपारी विचारण्याची गरज पडली नाही.

या वाटेने माझ्या आधी फार मोठी माणसे गेली होती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८०च्या दशकात मुळशी-मावळच्या डोंगरी भागातल्या बायकांबरोबर काम करता करता ओव्यांचे संकलन सुरू केले; पुढे ते महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत पोहोचले. पॉइतवँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली. २०१७पासून हा ठेवा 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचायला आणि काही अंशी ऐकायला मिळतो. मी त्यातल्या ओव्या माझ्या प्रकल्पात तुलनेसाठी घेतल्या, वर्गीकरणाची पद्धत घेतली, काही संज्ञाही घेतल्या. एक गोष्ट तेवढी डोळ्यांसमोर असूनही घेतली नाही. तिथे ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते. तीन हजारांहून अधिक बायका तिथे स्वतःच्या नावाने उभ्या आहेत.

मी क्रमांक दिले, त्याला कारण होते, आणि ते कारण खोटे नव्हते. माहेरच्या ओव्या म्हणजे केवळ भावाचे कौतुक नसते. त्यांत भावजयीचा राग असतो, सासूचा जाच असतो, न आलेल्या बोलावण्याचे दुःख असते. हे सगळे ज्यांच्याविषयी आहे ती माणसे, किंवा त्यांची मुले, त्याच आळीत राहतात. एका मावशींनी तर ओव्या म्हणून झाल्यावर माझा हात धरून सांगितले होते, "नाव नको टाकू गं बाय, सुनेला कळंल." मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "एकीचे नाव वगळून इतरांचे दिलेस तर ती कोण हे गाव ओळखेल. सगळ्यांना क्रमांक दे." संशोधनाच्या नीतीला धरून होते ते. मलाही पटले. खरे सांगायचे तर सोयीचेही वाटले : तक्ता नीटनेटका दिसू लागला.

पण आजींच्या प्रश्नासमोर यातले काही मला बोलता आले नाही. "तुमच्या ओव्या आहेत ना आजी," एवढेच म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, "त्या हाईतच गं. मी माझं इचारते." ऋणनिर्देशाच्या पानावर मी प्राचार्यांचे, विभागप्रमुखांचे, ग्रंथपालांचे, टंकलेखन करणाऱ्या दादांचे, आईवडिलांचे आभार नावानिशी मानले होते. त्यानंतर शेवटी एक ओळ होती : 'तसेच ज्ञात-अज्ञात सर्व निवेदकांची मी ऋणी आहे.' अज्ञात! ज्यांच्या घरी मी चार वेळा जेवले, त्यांना मी अज्ञात ठरवले होते.

परतताना मळवलीला उतरले. माझ्या वर्गातल्या एका मित्राचा प्रकल्प कार्ल्याच्या लेण्यातील दानलेखांच्या भाषेवर होता. त्याचीही मौखिकी झाली होती, आणि 'एकदा काम डोक्यात न ठेवता लेणे बघू' असे आम्ही ठरवले होते. एकवीरेच्या पायऱ्या चढून, दर्शनाच्या रांगेला वळसा घालून आम्ही चैत्यगृहात शिरलो. वर छताला लाकडी कमानी आहेत, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा. मित्र एकेका लेखाशी थांबून सांगत होता. ओवरीतल्या लेखात वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी म्हणतो की जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आपण सिद्धीस नेले. तिथला शब्द आहे 'परिनिठपितं', म्हणजे पूर्ण केले. मला माझा काळा पुठ्ठा आठवला. सोनेरी अक्षरांतले माझे नाव हेच तर सांगत होते.

पण आत शिरले की खांब वेगळे बोलू लागतात. धेनुकाकट नावाच्या गावच्या माणसांनी दिलेले किती तरी खांब. हे गाव नेमके कुठले, यावर दामोदर धर्मानंद कोसंबींपासून अनेकांनी विचार केला आहे. त्या दात्यांत यवन आहेत. एक गांधी आहे, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. एका भिक्षुणीने वेदिकेचे दान दिले, तर तिची ओळख कोणाची तरी आई अशी कोरलेली आहे. आणि मला सर्वांत धरून ठेवले ते एका सुताराच्या लेखाने : धेनुकाकटच्या, वेणुवासाचा मुलगा सामी याने दरवाजाचे काम केले. नाव, बापाचे नाव, गाव, काम. सुमारे दोन हजार वर्षे तो तिथे उभा आहे. भूतपालाचा दावा खोडून न काढताही हे खांब त्याला उत्तर देतात : पूर्ण तू केले असशील, उभे आम्ही केले.

मित्र म्हणाला, "यात निवेदक क्रमांक सात कोणी नाही बघ." त्याने ते सहज म्हटले. मला ते लागले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा कान्ह्याला उतरले. या वेळी एकेकीच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारला, जो मी आधी विचारायला हवा होता : नाव द्यायचे की नाही? ज्या मावशींना नको होते, त्यांना अजूनही नकोच होते, आणि त्यांच्या नकाराचा मान राखणे हेही नाव देण्याइतकेच माझे काम आहे हे मला तेव्हा समजले. म्हणून मॅडमचा मुद्दा त्यांच्यापुढे ठेवला : बाकीच्यांची नावे आली तर उरलेली ती तुम्हीच, हे गाव ओळखेल. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "नावं दे, पर कोण काय बोललं ते नको लिहू. मला एकटीलाच वगळ." तसेच केले. ओव्यांसमोर क्रमांक राहिले. नावांचे पान वेगळे झाले.

आजींच्या घरी वही उघडून मी त्यांचे नाव लिहिले आणि वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली, पण समाधान दिसेना. "एकटीचं नको," त्या म्हणाल्या. "चुलतीचंबी लिही. मला कुठं येत होतं? तिच्या संगं दळाया बसायची तवा शिकले." मग चुलतीचे नाव, तिचे माहेर, तिला जिने शिकवले तिचे नाव, तिथे आजींची आठवण थांबली. मी 'निवेदक' म्हणून ज्यांना एका रकान्यात बसवले होते, त्या एका साखळीचे अलीकडचे टोक होत्या. माझ्या तिसऱ्या प्रकरणात 'मौखिक परंपरेचे संक्रमण' असा एक उपविभाग आहे. त्यात चार पाने आहेत आणि एकही चुलती नाही.

ते पान मी हाताने लिहून माझ्या प्रतीत, मुखपृष्ठाच्या आत चिकटवले आणि ती प्रत आजींकडे ठेवून आले. त्यांचा नातू आठवीत आहे. तो वाचून दाखवील. विभागातली आणि ग्रंथालयातली प्रत मात्र जमा झालेली आहे. तिच्यात आता काही घालता येत नाही, आणि पुढच्या वर्षी कोणी विद्यार्थिनी संदर्भासाठी ती उघडील तेव्हा तिला निवेदक क्र. ७च भेटेल. तिच्यासाठी हे लिहिले. प्रकल्प हाती घेताना विषय, उद्दिष्टे, गृहीतके ठरवायला आपल्याला शिकवतात. कोणाला नाव हवे आहे आणि कोणाला नको, हा प्रश्न शेवटच्या पानासाठी राखून ठेवू नये. तो पहिल्या चहाच्या वेळीच विचारावा.