पंक्चर कोण काढणार?

जत तालुक्यात हौसेनं सायकल चालवायची असेल तर आधी सराट्याशी ओळख करून घ्यावी लागते. पाऊस पडून गेला की रस्त्याच्या कडेला जमिनीला धरून हा वेल पसरतो. बारीक पानं, पिवळी फुलं. बघून कुणाला शंकाही यायची नाही. मग फळं वाळतात, फुटतात आणि त्यांचे काटेरी तुकडे डांबरावर येऊन पडतात. तुकड्याची घडणच अशी, की तो कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. सराट्यातून वाचलात तर पुढं वेडी बाभूळ आहे. तिचा काटा टायर-ट्यूब सोडा, चपलेतूनही आरपार जातो.

आमचा आठ-नऊ जणांचा ग्रुप दर रविवारी पहाटे निघतो. एक जनावरांचे डॉक्टर, एक वकील, दोन शिक्षक (त्यातला एक मी, विज्ञान शिकवतो), सरकारी दवाखान्यातल्या एक नर्सताई, कापडाचे एक व्यापारी, ज्यांना आम्ही शेठ म्हणतो, आणि दोन-तीन पोरं. पोरांतला एकजण पुण्याच्या कंपनीचं काम इथं घरी बसून करतो. त्याची सायकल माझ्या मोटारसायकलीपेक्षा महाग आहे. वकीलसाहेबांची सायकल म्हणजे त्यांच्या मुलीनं बारावीनंतर सोडून दिलेली, पुढं बास्केट असलेली. ते बास्केट काढा म्हणून आम्ही सुरुवातीला मागं लागलो होतो. आता त्यात चिवडा असतो, त्यामुळं कुणी काढा म्हणत नाही.

निघायच्या वेळेवरून पहिले काही महिने भांडणात गेले. कुणाचे साडेपाच म्हणजे पावणेसहा, कुणाचे सहा. शेवटी फजरच्या अजानवर एकमत झालं. अजान ऐकू आली की बाकीचे उठून आवरतात. मी नमाज पढून, कपडे बदलून येईपर्यंत सगळे चौकात जमलेले असतात. ऋतूप्रमाणे उजेड सरकतो, तशी अजानही सरकते. सायकलवाल्यांना याहून सोयीचं घड्याळ मिळायचं नाही. डॉक्टर म्हणतात, "सर, मुअज्जिनसाहेबांना आपल्या ग्रुपचे मानद सदस्य करून टाकू."

रमजानात मात्र या घड्याळाची पंचाईत होते. गेली दोन-तीन वर्षं रमजान मार्चच्या आसपास येतोय आणि जतचा मार्च म्हणजे काय ते जतकरांना सांगायला नको. त्या महिन्यात मी फजरनंतर दहा-बारा किलोमीटर हळू जाऊन परततो. पहिल्या वर्षी सगळ्यांनी ठरवलं, सर रोजा आहेत तर त्यांच्यासमोर पाणी प्यायचं नाही. मग आठ माणसं झाडाआड लपून बाटल्या उघडू लागली. मी म्हटलं, अहो, रोजा माझा आहे, तुम्ही का सुकताय! नर्सताईंनी तिथल्या तिथं सगळ्यांना दटावून पाणी पाजलं.

पूर्वेकडं गेलं की तासाभरात भाषा बदलते. गुड्डापूरची दानम्मादेवी, संख, उमदी हा सगळा पट्टा मराठीइतकाच, काही गावांत मराठीपेक्षा जास्त, कन्नड बोलतो. टपरीवाला "बर्री, चा कुडीरी" म्हणून बोलावतो आणि हिशेब मराठीत सांगतो. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगायची भाषा केली, तेव्हा टीव्हीवर आमचा तालुका पहिल्यांदाच एवढा दिसला. आम्ही रविवारी त्याच भागात चहा पीत बसलो होतो. टपरीवाल्याचा प्रश्न नेहमीचाच होता: म्हैसाळचं पाणी आमच्या बाजूला कधी येणार? उन्हाळ्याच्या तोंडाला बेदाण्याच्या शेडवर हिरव्या जाळीआड द्राक्षं वाळत असतात. थांबून चौकशी केली की कुणीतरी ओंजळभर बेदाणा हातावर ठेवतोच. त्या दिवशी सायकलिंग कमी आणि थांबणं जास्त होतं.

मोठ्या शहरांतले सायकलवाले वाहतुकीची तक्रार करतात. आमची वाहतूक म्हणजे मेंढरं. माडग्याळी मेंढी तुम्ही पाहिली नसेल तर पाहा. उंच, पोपटासारखं बाकदार नाक, चालण्यात सरदारी. अशी दोनशे मेंढरं वळणावर अचानक समोर आली तर घंटी वाजवून काही उपयोग नसतो. तीन वर्षांपूर्वी उतारावर मी असाच त्यांच्यात शिरलो. मेंढराला काही झालं नाही, माझं कॉलरबोन मोडलं. धनगरानं आधी मेंढी तपासली, मग मला. त्याचंही बरोबर होतं. शेठनं तासाभरात दुकानाचा टेम्पो आणला, मला मिरजेला नेलं आणि रात्री उशिरापर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

गटानं सायकल चालवण्याचा खरा अर्थ मला विजापूरच्या फेरीत कळला. जतहून विजापूर साठ-सत्तर किलोमीटर. रस्ता जुना, नातंही जुनं; जतचे डफळे हे मुळात आदिलशाहीचे सरदार. आषाढातला रविवार होता. आमच्याकडं त्या दिवसांत पाऊस कमी आणि पश्चिमेचा वारा जास्त. ढालगावच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. जाताना वारा पाठीशी होता. पायडल मारायची गरजच पडेना. वकीलसाहेब बास्केटवाली सायकल घेऊन सगळ्यांच्या पुढं! प्रत्येकाला वाटलं, आपली तब्येत झकास झालीय. गोलघुमटात पोचून आम्ही टाळ्या वाजवल्या, आरोळ्या ठोकल्या, घुमटानं त्या सगळ्या परत केल्या. 1656 मध्ये पुरी झालेली ही इमारत. बाहेरून घुमटाचा व्यास 44 मीटर. तिथल्या गॅलरीत भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या बाजूला ऐकू येतं. पुण्याच्या कंपनीवाला पोरगा तिथं कुजबुजला, "परत जायला टेम्पो बघू या का?" आणि ते आम्हा सगळ्यांना ऐकू गेलं.

त्याला परतीचा अंदाज सर्वांत आधी आला होता. येताना वारा छातीवर. विज्ञानाच्या पुस्तकात आम्ही शिकवतो, की वेग दुप्पट झाला तर हवेचा रोध चौपट होतो. ते त्या दिवशी मांड्यांना समजलं. मग आम्ही एकामागं एक रांग धरली. पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतरावर मागचं चाक ठेवलं की वारा पुढचा माणूस झेलतो. मागच्याचे कष्ट साधारण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतात. पुढच्यानं दोन-तीन मिनिटं झेलायचं, बाजूला होऊन शेपटाला जायचं, पुढचा पुढं. शर्यतीतले लोक हे शिकून करतात, आम्ही मार खाऊन शिकलो. सगळ्यांत जास्त वेळ पुढं राहिल्या त्या नर्सताई. आणि जत येईपर्यंत पंक्चर झाली पाच. पाचही मी काढली.

त्यात मला काही विशेष वाटलं नाही, कारण मी पंक्चरच्या दुकानातच वाढलो. जतच्या स्टँडजवळ अब्बांचं सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या बारा सायकली, मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, तासाला पन्नास पैसे. त्यात दोन लहान, बाकी ॲटलास आणि हर्क्युलिस. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 ला बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता.) सायकल मागायला पोरगं आलं की अब्बा विचारायचे, "कुणाचा रं तू?" बापाचं नाव हीच अनामत. उंची पुरत नसली तर पोरं दांडीखालून पाय घालून हाफ पायडल शिकायची. निम्म्या जतनं तशीच सायकल शिकली असेल.

अब्बांचं काम बघण्यासारखं असायचं. घमेल्यातलं पाणी गढूळ असलं की ते ट्यूब पाण्यात बुडवतच नसत. ओठांजवळून फिरवायचे आणि हवेची बारीक फुंकर लागली की तिथं खुणेची रेघ. मग कानशीनं घासणं, सोल्यूशन लावणं, ते सुकेपर्यंत थांबणं. थांबणं हाच त्यातला हुनर. घाई केली की पट्टी सुटते. रिमचा आउट काढताना चाक फिरवून एक डोळा मिटायचे. पण मला सगळ्यांत जास्त आठवतो तो त्यांचा वुजू. वाळलेलं सोल्यूशन बोटांवर, नखांवर पापुद्र्यासारखं बसतं, त्याखाली पाणी पोचत नाही, आणि पाणी पोचलं नाही तर वुजू होत नाही. म्हणून दिवसातून चार-चार वेळा ते दुकानामागच्या दगडावर बोटं घासायचे. अम्मी म्हणायची, कातडी जाईल एक दिवस. त्यांच्या बोटांवरच्या रेषा जवळपास पुसल्या गेल्या होत्या.

ज्या हवेच्या टायरमुळं हे सगळं सुरू झालं, ते 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन डनलॉपनं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी केलं. डनलॉप व्यवसायानं जनावरांचा डॉक्टर. हे सांगितल्यापासून आमचे डॉक्टर ताठ मानेनं फिरतात. त्याच 1888 च्या सुमारास बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर सायकली विकण्याचं आणि दुरुस्त करण्याचं दुकान चालवू लागले. पुढं 1910 मध्ये आजच्या आमच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली. विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचंही आधी सायकलींचंच दुकान होतं. त्यांच्यापैकी कुणाला 'पंक्चरवाले' म्हणून हिणवल्याचं ऐकिवात नाही.

तो शब्द आमच्यासाठी राखून ठेवलेला आहे. मुसलमान तरुण म्हणजे पंक्चर काढणारा, हा विनोद तुमच्याही मोबाईलवर कधी ना कधी आला असेल. पोरगा डॉक्टर होवो की इंजिनिअर, वादात हरायला लागला की समोरचा विचारतो, दुकान कुठंय तुझं? माझ्या पुतण्याला कॉलेजात हे ऐकावं लागलं. तो घरी येऊन म्हणाला, दादाजान काय करत होते हे कुणाला सांगू नका. अब्बांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

गेल्या वर्षी एका गुरुवारी रात्री हाच विनोद, चित्रासकट, आमच्या सायकलच्या ग्रुपवर आला. पाठवणारे शेठ. दवाखान्याच्या बाकावर बसून राहिलेले शेठ. सगळ्यांनी पाहिलंच असणार. कुणी काही बोललं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी नर्सताईंनी एक ओळ लिहिली: "ज्याला स्वतःचं पंक्चर काढता येत नाही त्यानं असलं काही पाठवू नये." चित्र गायब झालं.

बायको म्हणाली, या रविवारी जाऊ नका. मी गेलो. न जाण्याचं कारण माझ्याकडं नव्हतं. ते असलंच तर शेठकडं होतं. तेही आले होते.

शेगावच्या रस्त्याला लागल्यावर ते शेजारी आले. शेजारी शेजारी सायकल चालवताना दोघांचीही नजर रस्त्यावर असते, एकमेकांच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. अवघड बोलणं त्यामुळंच जमतं; समोरासमोर बसून आमच्यात ते झालं नसतं.

"सर, ते परवा बघितलं न्हवतं मी. तसंच पुढं पाठवलं."

"बघूनच पाठवलं असणार, शेठ."

बराच वेळ नुसता चेनचा आवाज. चढ आला, संपला.

"व्हय," ते म्हणाले. "बघूनच पाठवलं."

मी विचारलं, "तुम्ही सायकल कुठं शिकला?"

"अवो, चाचांच्या दुकानात! सात नंबर. ब्रेक लागायचा न्हाई तिचा." आणि मग थोड्या वेळानं, "दोन तासांचं भाडं बुडवलंय मी त्यांचं. भीती वाटायची, परत दुकानापुढनं जात न्हवतो."

अब्बांना ते नक्की माहीत असणार. वहीत प्रत्येक नंबर लिहिलेला असायचा. मी तसं म्हणालो नाही. मला राग नव्हता असंही नाही. तो अजून आहे, कधी कधी मध्येच उसळतो. पण शेठ पुढं वारा झेलत असतात तेव्हा मी त्यांच्या चाकामागंच असतो, आणि माझी पाळी आली की ते माझ्या.

त्या आठवड्यापासून नर्सताईंचा नियम लागू झाला: ज्याचं पंक्चर त्यानं काढायचं, सरांनी हात लावायचा नाही. मी फक्त सांगायचं. पुण्याच्या कंपनीवाल्यानं यूट्यूब बघून दहा मिनिटांत जमवलं. गायीच्या पोटातून वासरू काढणाऱ्या डॉक्टरांनी मात्र टायर रिमवर चढवताना पान्यानं नवी ट्यूब फाडली. डनलॉपचं नाव त्यांनी त्यानंतर काही दिवस काढलं नाही.

शेठची पाळी मुचंडीच्या अलीकडं आली. सराटाच. लिंबाखाली सायकल उलटी करून ते मांडी घालून बसले. घमेलं नव्हतं. मी म्हटलं, ओठांजवळ धरा. त्यांनी ट्यूब फिरवली, थांबले, परत फिरवली, आणि लहान पोरासारखे ओरडले, "हितंय! हितंय!" सोल्यूशन लावून लगेच पट्टी चिकटवायला गेले. सुकू द्या, म्हटलं. दुसऱ्यांदाही घाई केली. तिसऱ्या खेपेला बोटं फुंकत गप्प बसून राहिले. बोटांना चिकटलेलं सोल्यूशन नखानं खरवडत होते, ते काही निघत नव्हतं. पट्टी बसली, हवा भरली. तोवर वकीलसाहेबांच्या बास्केटमधला चिवडा संपला होता आणि ऊन चढलं होतं, म्हणून विजापूरच्या बाजूला पुढं न जाता आम्ही तिथूनच जतकडं वळलो.