ऐकलेले आणि आठवलेले

साहित्याच्या वर्गात एक प्रश्न मला जवळजवळ दरवर्षी विचारला गेला: 'वेद कोणी लिहिले आणि केव्हा लिहिले?' विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा साधा प्रश्न असतो. ग्रंथ आहे, तेव्हा ग्रंथकर्ता असणार आणि रचनेचा काळही असणार, हे आपल्या अभ्यासाचे गृहीतकच आहे. परंतु परंपरेच्या दृष्टीने पाहिले, तर या वाक्यातले 'कोणी' हेही चुकते आणि 'लिहिले' हेही चुकते. मी या दोन दृष्टींच्या मधोमध वाढले. त्यामुळे याचे उत्तर एका वाक्यात देणे मला कधीच साधले नाही.

माझे बालपण काशीत गेले. घाटांच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी आमचे एक. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले, हे आमच्या घरी कालपरवा घडल्यासारखे सांगितले जाई. आजोबा दशग्रंथी वैदिक होते. पहाटे ओटीवर पाच-सहा मुले संथा घेण्यास बसत. आजोबा एकदा म्हणत, मुले दोनदा म्हणत. समोर पोथी नसे. धाकट्या मुलांची मान धरून आजोबा ती अनुदात्ताला खाली आणि स्वरिताला वर नेत, म्हणजे स्वर आधी अंगात शिरे आणि अर्थ पुढे कधीतरी. शिक्षाग्रंथांनी अधम पाठकांची जी यादी दिली आहे, तीत लिहिलेले पाहून म्हणणाराही आहे, हे मला पुष्कळ नंतर कळले.

'श्रुती' या शब्दाचा अर्थ मी असा कोशाच्या आधी कानांनी शिकले. श्रुती म्हणजे ऐकलेले. ऋग्वेदाच्या शाकल संहितेत १० मंडले, वालखिल्यांसह १०२८ सूक्ते आणि दहा हजारांहून अधिक ऋचा आहेत. आणि हा एवढा संभार शतकानुशतके मुख्यतः कंठातून कंठात आला. तो बिघडू नये म्हणून पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पद्धती सिद्ध झाल्या. घनपाठात पहिली दोन पदे सुलट, मग उलट, पुन्हा सुलट आणि पुढे तिसरे पद जोडून तिन्ही सुलट-उलट-सुलट म्हटली जातात. एक पद निसटले, की सारी वीण उसवते. युनेस्कोने २००३ मध्ये वैदिक पठणपरंपरेचा गौरव केला आणि २००७ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेतील ऋग्वेदाची ३० हस्तलिखिते जागतिक स्मृतिनोंदीत घेतली. ऐकलेल्याचा आणि लिहिलेल्याचा असा वेगवेगळा सन्मान झाला, हे मला उचित वाटते.

मग या वेदांचा उगम कोठला? परंपरा एकमुखाने बोलत नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना मानवी कर्ता तर नाहीच, पण ईश्वरही त्यांचा कर्ता नाही. नैयायिकांना हे मान्य नाही. ते ईश्वराला वेदांचा वक्ता मानतात. बृहदारण्यकात वेद हे त्या महद्भूताचे निःश्वसित म्हटले आहेत, तर पुराणांनी ते ब्रह्मदेवाच्या चार मुखांतून प्रकट केले. ऋषी हा सूक्ताचा कर्ता नसून द्रष्टा, ही धारणा मात्र सर्वत्र आढळते. पुढे व्यासांनी एका वेदाचे चार भाग करून ते पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतू या शिष्यांना दिले. वैशंपायन कोपले, तेव्हा याज्ञवल्क्यांनी शिकलेले यजुस् ओकून टाकले आणि इतर शिष्यांनी तित्तिर पक्ष्यांच्या रूपाने ते उचलले. म्हणून ती शाखा तैत्तिरीय. याज्ञवल्क्यांनी मग सूर्यापासून शुक्ल यजुर्वेद मिळविला. आजचे बहुतेक अभ्यासक ऋग्वेदाची सूक्ते इसवी सनापूर्वी साधारण १५०० ते १००० या काळात ठेवतात. हे उत्तर आणि ती कथा यांत मी निवड करीत नाही. पहिले ग्रंथाचा काळ सांगते. दुसरी सांगते, की हे ज्ञान गुरूचे होते आणि ते परत मागता येत होते.

हे परत मागणे मी एकदा अनुभवले आहे. मी दहा वर्षांची असेन. दादा ओटीवर दहाव्या मंडलातले १२५ वे सूक्त म्हणत होता. आठ ऋचांचे हे सूक्त मला माजघरात बसून, कोणी न शिकवता, पाठ झाले होते. एका ठिकाणी त्याचा स्वर चुकला आणि मी आतून तो बरोबर म्हटला. आजोबा क्षणभर थांबले. मी म्हटला तोच स्वर त्यांनी दादाकडून दोनदा म्हणवून घेतला. कोणी सांगितले, हे त्यांनी विचारले नाही. त्या संध्याकाळी मात्र ते आईला म्हणाले, ''संथेच्या वेळी मुलीला स्वयंपाकघरात ठेवीत जा.'' आईने तसे केले. स्वयंपाकघरातून शब्द नीट ऐकू येत नसत.

पुढे प्रबंधाच्या निमित्ताने मी सर्वानुक्रमणी वाचली. प्रत्येक सूक्ताचा ऋषी, देवता आणि छंद तेथे नोंदलेला असतो. त्या सूक्तापुढे नाव होते वाक् आंभृणीचे, अंभृण ऋषीच्या कन्येचे. लोपामुद्रा, घोषा, अपाला यांचीही नावे तेथे भेटली. आजोबांना ती ठाऊक नव्हती, असे म्हणता येणार नाही. ऋषी जाणल्यावाचून सूक्त म्हणू नये, हे तेच मुलांना सांगत. म्हणजे एका स्त्रीला दिसलेले सूक्त ऐकण्यापासून एका मुलीला दूर करताना त्यांना त्यात विसंगती जाणवली नव्हती. मी हे त्यांना विचारावे, तर तोवर ते हयात नव्हते. ते कठोर नव्हते. जे त्यांना मिळाले, ते त्यांनी मिळाले तसेच पुढे दिले.

माझ्या वाट्याला आली ती स्मृती. स्मृती म्हणजे आठवलेले. तिला कर्ता असतो, म्हणून ती श्रुतीहून खालची. रामायण वाल्मीकींचे, महाभारत व्यासांचे. स्त्री-शूद्रांना वेद ऐकता येत नाही, म्हणून व्यासांनी कृपेने भारत रचले, असे भागवत सांगते. ही कृपा मला कधी निमूट स्वीकारता आलेली नाही. पण आई दुपारी भारतातल्या कथा सांगे, तेव्हा ती नाकारताही आली नाही. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहीत आहे, ही तिची आवडती कथा. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि हा प्रसंग मूळ संहितेतून परिशिष्टात गेला. निर्णय शास्त्रशुद्ध होता, हे मी वर्गात शिकवीत आले. आईला मात्र मी ते सांगितले नाही.

या जखमेची दखल परंपरेच्या आतूनही घेतली गेली आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, वेदाला संपन्न पण कृपण म्हटले. तो तीन वर्णांच्याच कानी लागला आणि ते उणे फेडण्यासाठी तो गीतारूपाने पुन्हा आला, असा त्यांचा आशय आहे. विसाव्या शतकात साकोरीला उपासनी महाराजांच्या कन्याकुमारीस्थानात मुली वेद म्हणू लागल्या. म्हणूनच आता मी विद्यार्थ्यांना सांगते, की धर्मग्रंथाविषयी 'कोणी रचला' याबरोबर 'कोणाला ऐकू दिला' हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा अधिक निश्चित मिळते.

दादा अभियंता झाला. निवृत्तीनंतर त्याने सूक्ते पुन्हा म्हणायला घेतली आहेत. गेल्या वर्षी त्याने दूरध्वनीवर विचारले, ''त्या सूक्तात तू मला सांगितला होतास, तो स्वर कोणता गं?'' मी म्हणून दाखविला. मग म्हटले, ''तरी एखाद्या घनपाठ्याकडून पडताळून घे, दादा. माझे भिंतीआडून ऐकलेले आहे.'' त्याने पडताळले. स्वर बरोबर होता.