माझं ‘नाही’

कापूरहोळच्या चौकात भोरच्या एसटीची वाट पाहता पाहता जगाचे निकाल लागतात. तिथेच एकदा मी तोऱ्यात बोललो होतो. बेंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आजारांची पाहणी केली. तंबाखूचं व्यसन हिशेबात न धरताही १०.६ टक्के प्रौढ त्या घडीला आजारी निघाले. मी म्हटलं, “म्हणजे या तीस जणांत तीन? दाखवा बरं.” शिवाय त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, हे माझं हुकमाचं पान. उलट पुण्यातल्या तीनेक हजार लोकांच्या, २०१२ साली छापून आलेल्या पाहणीत आयुष्यात कधीतरी आजारी पडलेले पाच टक्क्यांच्या आसपास. निम्हान्सचा तोच आकडा १३.७. आपली माणसं घट्ट मनाची, असा मी अर्थ लावला.

आरोग्यसेवक म्हणून तीस वर्षं घरोघर फिरलेलो. कुष्ठरोगाचा चट्टा दिसतो, ताप मोजता येतो. मनाचं काय मोजणार?

ही गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात कॉलेजची एक मुलगी प्रश्नावली घेऊन ओट्यावर आली. “गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक वेळ उदास वाटलं का?” सूनबाई चहा घेऊन दारात उभी. मी म्हणालो, “नाही.” झोप? “मस्त.” रात्री दोनला उघडलेला डोळा पुन्हा मिटत नव्हता, तरी. मुलीने खूण केली, आभार मानले.

‘उदास’ हा आमच्याकडे रेडिओवरचा शब्द. इथं जीव लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं बधिर होतं. “जेवण गोड लागतं का?” असं तिने विचारलं असतं, तर कदाचित माझा बांध फुटला असता. पुण्याचा आकडा लहान का, याला पद्धतीचीही कारणं असतील. सगळे खोटंच बोलले असं मी म्हणत नाही. मी मात्र बोललो, तेही फॉर्म कसे भरले जातात हे पुरतं ठाऊक असताना. निम्हान्सच्या पाहणीत बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून जास्त रुग्ण उपचाराविना होते. माझ्यासारखा त्यांतही धरला जात नाही. आधी आजारी म्हणून नोंद तर व्हायला हवी.

दसऱ्यानंतर सूनबाईला सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली नाही.

“आबा, रोज रात्री अंगणात तुमच्या चपला वाजतात. ऐकते मी.”