पाचवा शनिवार

शनिवारी संध्याकाळी हे सायकल भिंतीला लावतात, खिशातलं पाकीट काढून देवाच्या फळीवर ठेवतात आणि मग पाय धुतात. इचलकरंजीत मागावर राबणाऱ्या बहुतेक घरांत पगार आठवड्याचा असतो, आमच्या कारखान्यात तो शनिवारी होतो. हे जॉबर आहेत, म्हणजे माग अडला की त्याचं दुखणं शोधायचं. मी घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते. येणारा पैसा असा आठवड्याचा, पण जाणारा? घरभाडं महिन्याचं, लाइटबिल महिन्याचं, क्लासची फी महिन्याची, वह्या-पुस्तकं जूनची. गॅसचा सिलिंडर तर कुठलंच कॅलेंडर मानत नाही, तो चाळीस-बेचाळीस दिवसांनी, बहुधा पाहुणे आलेले असताना संपतो. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की आमची निम्मी ओढाताण या वारांच्या आणि तारखांच्या भांडणातली आहे.

तोवर मी शिल्लक टाकत नव्हते असं नाही. दारावर पिग्मीवाला यायचा, त्याला रोज वीस रुपये. दिवसाला दोन-दोन आणे गोळा करायची ही पिग्मी १९२८ साली उडपीकडच्या एका बँकेनं सुरू केली म्हणतात. आमच्या भागात ती इतकी रुजली की दूधवाला आणि पिग्मीवाला दोघं एकाच हिशोबात धरले जातात. माझी पिग्मी बँकेत नव्हती, पतसंस्थेत होती. हा फरक मला चौतीस हजार रुपये अडकल्यावर कळला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. हे मला कुणा अधिकाऱ्यानं सांगितलं नाही, रांगेत पुढं उभ्या असलेल्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं. “सोमवारी या” असं ऐकून आम्ही सगळे परत फिरायचो. पिग्मीवाल्याचेही स्वतःचे पैसे त्यातच बुडाले होते. तो पुढं आमची गल्ली टाळून लांबच्या वाटेनं जायला लागला. एकदा समोरासमोर आला तेव्हा मीच म्हटलं, “दादा, चहा घेऊन जावा.” तो थांबला नाही. आजवर त्या चौतीसातले सात हजार परत आलेत.

मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात माग थांबले. खटखटाटात झोपायची सवय असलेल्या आमच्या घराला त्या शांततेत झोप येईना. सासूबाई म्हणायच्या, “कानात काय तरी गेल्यागत वाटतंय.” रेशनच्या फुकटच्या धान्यानं पोट भागलं, पण मीठ-तेल-साबण उधारीवर. मीटरचं रीडिंग त्या काळात कुणी घेत नव्हतं, जूनमध्ये तीन महिन्यांचं बिल एकदम हातात पडलं, तीन हजारांच्या आसपास. सगळी गल्ली चिडलेली होती, मीही. नंतर शेजारच्या पोरानं बसून हिशोब मांडून दाखवला तेव्हा पटलं की युनिट आम्ही खरंच जाळले होते. सगळी माणसं दिवसभर घरात, वर उन्हाळा. बिल चुकीचं नव्हतं, तरीही ते भरायला पैसे नव्हते.

मे २०२१ मध्ये मामांना, म्हणजे सासऱ्यांना, दवाखान्यात ठेवावं लागलं. माझ्या दोन पाटल्या बँकेत गहाण ठेवून साठ हजार काढले. सोनं तपासणाऱ्या सोनारानं कागद भरता भरता सहज विचारलं, “वहिनी, दोन पाटल्यांची दोन वेगळी खाती करू का? एकेक सोडवता येईल.” तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, नुसतं हो म्हटलं. त्या माणसाचे उपकार मी आजही विसरत नाही. मामा मात्र घरी आले नाहीत.

त्या पावसाळ्यात किराणा दुकानातल्या आमच्या वहीवर ६,४०० रुपये होते. आकडा काही डोंगराएवढा नाही. पण उधारीवाल्याला भाव विचारता येत नाही. शेंगदाणे खवट निघाले तरी परत करता येत नाहीत. दोन गल्ल्या पलीकडं तेल पाच रुपयांनी स्वस्त आहे हे दिसत असतं आणि तिकडं जाता येत नाही, कारण तिकडं रोख मागतात. व्याज कुणीच लावत नव्हतं, पण मी ते रोज पिशवीतनं घरी आणत होते.

सप्टेंबरच्या एका रात्री मी ह्यांना म्हटलं, आता सगळं आठवड्यावर आणायचं. पगार जर आठवड्याचा, तर भाडंही आठवड्याचंच समजायचं. भाडं तीन हजार, म्हणजे दर शनिवारी साडेसातशे बाजूला. लाइटबिल सातशेच्या घरात, म्हणजे पावणेदोनशे. क्लास आणि शाळा तीनशे. दूध दोनशे, किराणा सातशे, तोही रोखीनं. गॅससाठी सहा आठवड्यांचा हिशोब धरून पावणेदोनशे. उधारीचे चारशे. भाजी, औषध, बाकी किडूकमिडूक माझ्या शिवणाच्या पैशांतनं. हे हसले. “एवढी पाकिटं कुठनं आणणार?” म्हणाले. दुसऱ्या दिवशी कारखान्यातनं येताना स्वतःच सुताचे सात रिकामे कोन घेऊन आले. पुठ्ठ्याचे, आत पोकळ. मी त्यांची तोंडं चिंधीनं बंद केली, खडूनं नावं घातली आणि फळीवर ओळीनं उभे केले. भाडं, लाइट, गॅस, शाळा, दूध, किराणा, वही. शनिवारी नोटांची गुंडाळी करून कोनात सारायची. धाकट्याला वाटायचं आमच्याकडं कसलीतरी पूजा चालते.

पहिले तीन आठवडे फार हाल झाले. आठवड्याच्या मधेच एखादा कोन उलटा करून झटकायची सवय जात नव्हती. पण सोळा शनिवार मोजून झाले आणि २५ डिसेंबर २०२१ ला दुकानातल्या वहीत आमच्या पानावर आडवी रेघ पडली. दुकानदार काकांनी ती रेघ पट्टी लावून मारली. मी त्याच दिवशी पलीकडच्या गल्लीतनं तेल आणलं, हे जरा कोतेपणाचं झालं खरं.

लाइटच्या कोनानं मला मीटर वाचायला शिकवलं. घरगुती विजेला शंभर युनिटपर्यंत एक दर असतो आणि शंभराच्या वर जे युनिट जातील त्यांना त्याच्या दुपटीहून जास्त. म्हणजे एकशे दहा झाले तर ते वरचे दहा युनिटच खरे खातात. बिलाचं रीडिंग साधारण कधी होतं ते पाहून ठेवलं. शेवटच्या आठवड्यात आकडा नव्वदीत दिसला की मी मशीनच्या मोटरचा पट्टा काढते आणि पायानं शिवते. गुडघे बोलतात, पण बिल बोलत नाही. बिल आल्यापासून आठवड्याच्या आत भरलं तर एक टक्का सूट, मुदत टळली तर वर सव्वा टक्का विलंब आकार. सात रुपयांसाठी एवढं, असं माझी बहीण म्हणते. तिच्याकडं पगार महिन्याच्या एक तारखेला बँकेत पडतो, तिला काय कळणार.

मग आला जानेवारी २०२२. वर्षाचा पहिलाच दिवस शनिवार होता. चार शनिवारांत भाड्याचा, लाइटचा, शाळेचा कोन भरला. आणि २९ तारखेला हे पुन्हा पाकीट ठेवून पाय धुवायला गेले. मी पाकीट हातात घेऊन फळीपुढं उभी राहिले. भाडं भरलेलं, क्लास भरलेला, लाइट भरलेलं, वही तर बंदच झालेली. या पैशाला बोलावणारं कुणी नव्हतं! मी कॅलेंडर काढून मोजत बसले. त्या वर्षात शनिवार त्रेपन्न होते. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, डिसेंबर, पाच महिन्यांत पाच-पाच. सोळा वर्षं हे असंच चाललं होतं, दरवर्षी चार-पाच पगार जास्तीचे येत होते आणि कुठं जात होते याचा पत्ता नव्हता.

“सगळा पगार कसा उरंल?” ह्यांनी टोकलं. “पाचव्या आठवड्यात जेवायचं न्हाई का?” बरोबरच होतं. पोटाला पाचवा आठवडा कळतो. किराणा, दूध, गॅसचा वाटा काढला तर आठवड्याच्या पगाराच्या तीन हजारातले एकोणीसशे राहत होते. तेवढे तरी तेवढे. ते पाटलीच्या खात्यावर भरायचे ठरले.

दर वेळी जमलं असं सांगितलं तर खोटं ठरेल. जुलैचा पाचवा शनिवार सासूबाईंच्या मोतीबिंदूनंतरच्या औषधांना आणि काळ्या चष्म्याला गेला. ऑक्टोबरचा दिवाळीला लागून आला, कारखाना निम्मा आठवडा बंद, पाकीट आलं ते जेवणाखाण्यातच संपलं. त्या वर्षात जानेवारी, एप्रिल आणि डिसेंबर एवढे तीनच हाताला लागले.

वहीसाठीचे आठवड्याचे चारशे मी बंद केले नाहीत. कोनावरचं ‘वही’ पुसून ‘पोस्ट’ लिहिलं. सोन्यावरचं महिन्याचं साडेचारशे व्याज त्यातनंच जायचं, आणि हजार रुपयांची पाच वर्षांची आवर्ती ठेव पोस्टात सुरू केली. पोस्टाच्या एजंट असलेल्या ताई घरी येऊन हप्ता घेतात, पावती देतात. पिग्मीचा अनुभव असल्यामुळं पहिले सहा महिने मी पोस्टात जाऊन पासबुकावर नोंद पडली का हे बघून यायची. ताईंना ते कळलं होतं, त्यांनी कधी मनाला लावून घेतलं नाही.

पोस्टातल्या या ठेवीवरून आमचं भांडणही झालं. हे म्हणाले, सोन्यावर नऊ टक्के व्याज भरतोय आणि पोस्टात ५.८ टक्क्यांनी ठेवतोय, हा कुठला शहाणपणा? आधी सगळं कर्जावर भर. गणितानं ह्यांचंच खरं होतं. पण मला पाटलीपेक्षा पासबुकाची गरज होती. सगळं कर्जात घातलं आणि उद्या कुणी आजारी पडलं, तर पुन्हा तीच पाटली घेऊन त्याच काउंटरला उभं राहायचं. ते मला नको होतं. पोस्टात वर्षभर हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, एवढी सोय माझ्यापुरती पुष्कळ होती. गणपतीनंतर सप्टेंबरचा एक हप्ता चुकला, त्याचा दहा रुपये दंड पडला. शंभराला एक रुपया. तो दंड भरताना मला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं. शिस्तीची किंमत इतकी थोडकी असू शकते हे ठाऊक नव्हतं.

२०२३ मध्ये पगार तीन हजार तीनशे झाला. एप्रिल, जुलै आणि सप्टेंबरचे पाचवे शनिवार मिळून सहा हजार तीनशे. आधीच्या वर्षीचे पाच हजार सातशे धरून बारा. दोन दिवाळ्यांच्या बोनसातले नऊ-नऊ हजार मी हट्टानं काढून घेतले होते. त्यावरून पोरांनी तोंडं पाडली, थोरलीनं तर दोन दिवस अबोला धरला. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पहिली पाटली सुटली. बँकेतनं बाहेर पडल्यावर ती घालायचं धाडस होईना, रुमालात बांधून पोलक्यात ठेवली. घरी आल्यावर थोरलीनंच ती माझ्या हातात चढवली. एका हातात पाटली, दुसऱ्यात नुसत्या काचेच्या बांगड्या. बायका विचारायच्या, मी सांगायची, दुसरी बँकेत शिकायला ठेवलीय.

दुसरी अजून तिथंच आहे. २०२४ च्या जूनमधला पाचवा शनिवार थोरलीच्या अकरावीच्या प्रवेशाला गेला. ऑगस्टपासून लाडक्या बहिणीचे पंधराशे येऊ लागले, पहिल्यांदा दोन महिन्यांचे मिळून तीन हजार. ते मी सरळ पाटलीवर भरते, त्याला कोन केलेला नाही. दुसऱ्याच्या हातात चावी असलेल्या नळाखाली घागर लावावी, त्यावर स्वयंपाक आखू नये. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं तेव्हा ह्यांनाच मोह झाला. “आता त्याच पाटलीवर दुप्पट पैसे मिळत्यात. काढू या का? पत्रा बदलून टाकू.” मी काही बोलले नाही, फळीवरनं ‘पोस्ट’चा कोन काढला आणि ह्यांच्या हातात दिला. हलका होता, कारण त्या महिन्याचा हप्ता गेला होता. पण पासबुक त्याच्या मागंच ठेवलेलं असतं, ते ह्यांनी उघडून बघितलं. पत्रा पावसाळ्याआधी डांबर लावून भागवला.

पोस्टाची मुदत जानेवारी २०२७ ला भरते. साठ हजारांचे सुमारे ६९,७०० होतील असं ताईंनी कागदावर लिहून दिलंय. तो कागद पासबुकात आहे.

डिसेंबरात नवं कालनिर्णय आलं की बाकीची घरं आधी दिवाळी आणि लग्नाचे मुहूर्त बघतात. मी दुधाच्या हिशोबाची पेन्सिल घेऊन बसते आणि ज्या महिन्यात पाच शनिवार आहेत तिथल्या शेवटच्या आकड्याला गोल करते. परवा सासूबाई जवळ येऊन बसल्या. त्यांना वाचता येत नाही, पण शनिवारची ओळ कुठली ते मारुतीमुळं पक्कं ठाऊक आहे. बराच वेळ त्या गोलांकडं बघत राहिल्या.

“शनवार धरलाईस व्हय गं?”

“व्हय आत्ती,” मी म्हटलं. “पाचवा तेवढा.”